पत्ता काय लिहायचा?

मंडळी, माझी भाची बोटीत राहते हे आता लपवण्यात काही अर्थ नाही. मागे मंगरूळपीरला एका लग्नात पंगतीत बसल्या बसल्या तीन बायकांनी मला वेगवेगळं गाठून हळूच विचारलं, "काहो बाई, पोरीचं तिकडे काही बिनसलं का? बोटीत राहते म्हणतात." चौथीने फोनवर फोटो पाहिलेले होते. ती म्हणाली, "मजा आहे बुवा तिची, रोजची पिकनिक!"

चौघींनाही मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही, कारण समोर गरम जिलबी होती. आता देते.

माझी धाकटी बहीण, म्हणजे पोरीची आई, हिने तर चार वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी विचारलं की "मिल्टन कीन्सजवळ राह्यतात" म्हणायची. तेही खोटं नव्हतंच म्हणा. मला मात्र ती एकदा रडवेली होऊन म्हणाली होती, "लोकायले काय सांगू मी? इंजिनेर जावई अन् पोरगी पाण्यावर राह्यते म्हनू?" मीही तेव्हा तिच्याच बाजूची होते. सांगायचा मुद्दा, पुढे जे लिहिते आहे ते बोट आवडणाऱ्या बाईचं लिहिणं नाही. २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच आठवडे त्या बोटीत काढून आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचं आहे.

आधी बोट म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे बोट म्हटलं की लोकांना काश्मीरचा शिकारा नाहीतर गोव्याला जाणारी आगबोट आठवते. आणि कॅनॉल म्हटलं की आमच्या इंझोरीकडच्या माणसाला अडाण प्रकल्पाचा कॅनॉल आठवतो, म्हणजे रब्बीत पाणी सोडतात तो, आणि 'आपल्या वावराची पाळी कधी' ही भांडणं. इंग्लंडचे कालवे शेतीसाठी खणलेलेच नाहीत. ते माल वाहायचे रस्ते. १७६१ मध्ये मँचेस्टरला खाणीतला कोळसा स्वस्तात पोचावा म्हणून ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि मग पुढची साठ-सत्तर वर्षं देशभर कालव्यांचं जाळं विणलं गेलं. आज त्यातले दोनेक हजार मैल कालवे आणि नद्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. त्यावर आता माल जवळजवळ नाही. माणसं आहेत. काही सुट्टीपुरती, काही बारा महिने.

चढावर कालवा न्यायचा तर पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागतात. त्या पायऱ्यांना लॉक म्हणतात. पुष्कळ ठिकाणी लॉकं सात फुटांची बांधली, म्हणून बोट त्याहून अरुंद, ६ फूट १० इंच. भिंती वजा जाता आत जेमतेम सहा फूट. म्हणून नाव नॅरोबोट. हे मला पटकन कळलं, कारण आपली शकुंतला नॅरो गेजचीच होती. कारंज्याहून तिच्यात बसलेल्या माणसाला अरुंदपणाचं काय कौतुक सांगता! भाचीची बोट ५७ फूट लांब आहे. लांबी सांगितली की लोकांना वाटतं, बापरे, केवढी. पण ते घर एका बोळाएवढं आहे. एक जण स्वयंपाकघरातून पलंगाकडे निघाला की दुसऱ्याने भिंतीला चिकटायचं. पहिल्या दिवशी जावईबापू आणि मी एकमेकांना "तुम्ही जा", "नाही, तुम्ही जा" म्हणत पाच मिनिटं उभे होतो.

आता पाणी. पुढच्या टोकाला टाकी, साडेचारशे लिटरची. कालव्याकाठी ठरावीक ठिकाणी नळ असतात, तिथे बोट नेऊन नळी लावायची आणि तासभर थांबायचं. तीन माणसांना ते पाणी काटकसरीने सहा-सात दिवस पुरतं. मी गेल्यावर पाच दिवसांत संपलं आणि मला फार लाज वाटली. उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेली मी, पण बंगळीवर बसून नळ सोडायची सवय केव्हा लागली कळलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायला शिकवलं आणि माझी पत परत मिळवली.

दुसरी गोष्ट संडासाची. लिहू की नको असा विचार केला, पण नातेवाइकांना खरा प्रश्न तोच पडलेला असतो. बोटीच्या संडासाखाली एक वीसेक लिटरची बंद पेटी असते. दर दोन-तीन दिवसांनी ती काढून, उचलून, कालव्याकाठच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची, धुवायची, औषध घालून परत बसवायची. हे काम जावईबापू करतात. मी होते तोवर मला हातही लावू दिला नाही. फोनवर हे ऐकून बहीण गप्पच झाली. मग म्हणाली, "आपला जावाई हे करते?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणी आम्ही सुट्टीला मामाकडे जायचो, त्या वाड्यात टोपलीचा संडास होता. मागच्या बाजूला हातभर दार. पहाटे एक बाई यायची, टोपली काढून न्यायची. तिचं नाव मला आठवत नाही असं लिहिणार होते, पण खरं हे की ते मला कधी माहीतच नव्हतं. आम्ही तिची पावलं ऐकली की अंगणातून आत पळायचो. डोक्यावरून मैला वाहून नेणं बंद करणारा पहिला कायदा १९९३ चा, आणि तो पुरला नाही म्हणून दुसरा २०१३ चा. आपल्या घरचा मैला आपण उचलणाऱ्या माणसाची लाज वाटते, आणि तेव्हा वाटली नाही, याला काय म्हणावं? मी बहिणीला एवढंच म्हटलं, "करतो. आणि हात साबणाने धुतो."

असो.

थंडीचं सांगते. ऑक्टोबर सरता सरता तिथली घड्याळं तासभर मागे करतात आणि साडेचार-पाचलाच अंधार पडतो. बोटीत मध्यभागी लोखंडी शेगडी, तिला छपरातून धुराडं. बिनधुराच्या कोळशाच्या विटा रात्री नीट रचून, हवा बेताची ठेवून झोपायचं, म्हणजे सकाळपर्यंत धग राहते. पहाटे राख काढायची. चुलीवर वाढलेल्या बाईला यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त एकच. आपली स्वयंपाकघरं कौलारू, झिरपती, धूर कुठूनही बाहेर जायचा. ही पोलादाची पेटी. धूर कोंडला, धुराड्याला भेग पडली, तर कोळशाच्या वायूने झोपेतच माणूस संपतो, वासही येत नाही. म्हणून तो वायू ओळखून किंचाळणारं यंत्र प्रत्येक राहत्या बोटीत २०१९ पासून सक्तीचं केलंय. दर चार वर्षांनी बोटीची गॅस, वीज, शेगडी सगळं तपासून सुरक्षेचा दाखला घ्यावा लागतो, तो नसेल तर परवाना नाही. भाचीकडे अशी दोन यंत्रं आहेत. शिवाय धुराचं वेगळं. ते तिसरं यंत्र माझ्या चकल्यांनी पहिल्याच घाण्याला वाजवलं! दिवाळी १ नोव्हेंबरची, मी आदल्या रात्री तळायला घेतल्या होत्या. दोन्ही दारं उघडली, सगळी ऊब निघून गेली, नात कानावर हात ठेवून नाचत होती, आणि शेजारच्या बोटीतला म्हातारा कंदील घेऊन धावत आला, आग लागली का बघायला. त्याला चार चकल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी येऊन आणखी मागितल्या.

त्याहून जास्त त्रास ओलीचा. चार माणसांचा श्वास, भाताची वाफ, वाळत घातलेले कपडे, सगळं जाऊन थंड खिडक्यांना चिकटतं आणि सकाळी पाणी ओघळतं. गादीखालच्या फळ्यांना बुरशी धरते. रोज सकाळी फडकं घेऊन खिडक्या पुसणं हे माझं काम होतं. फोटोत ही फडकी येत नाहीत. फोटोत छपरावरच्या कुंड्या येतात.

वीज छपरावरच्या सौर पट्ट्यांतून. उन्हाळ्यात भरपूर, नोव्हेंबरात नावाला. मग इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, आणि तेही रात्री आठ ते सकाळी आठ बोट बांधलेली असताना चालवायचं नाही, शेजाऱ्यांची झोप मोडते. मिक्सर लावायचा तर आधी जावयांना विचारायचं. खोबऱ्याच्या चटणीला परवानगी लागणारं हे एकच घर मी पाहिलं. तीनेक वर्षांतून एकदा बोट पाण्याबाहेर काढून बुडाला डांबरासारखा काळा लेप द्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. वर्षाचा परवाना हजार पौंडांच्या वर जातो. नेहमीचं गृहकर्ज बोटीला मिळत नाही. तेव्हा फुकटात राहतात हा समज असेल तर काढून टाका. घरभाड्यापेक्षा स्वस्त पडतं एवढं खरं, आणि त्याचा मोबदला अंगमेहनतीने द्यावा लागतो.

आणि तरीही ती दोघं तिथे राहतात. मी विचारलं, का? भाची म्हणाली, "मावशी, इथे मला माहीत असतं किती पाणी उरलंय." मला आधी हे पुस्तकी वाटलं. नंतर नाही वाटलं.

खरा मुद्दा पुढेच आहे. कालव्यावर कायमची जागा भाड्याने घेतली नसेल तर बोटीने एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. कायदा १९९५ चा आहे. चौदा दिवसांनी खुंट्या उपटायच्या आणि पुढे सरकायचं. गावातल्या गावात इकडून तिकडे केलेलंही चालत नाही, वर्षभरात निदान वीसेक मैलांचा पल्ला तरी फिरावा अशी ट्रस्टची अपेक्षा असते. कायमच्या जागा कमी, महाग, आणि त्यातल्याही बऱ्याचशा 'बोट ठेवा, पण त्यात राहू नका' अशा अटीच्या.

तर दर दुसऱ्या रविवारी आम्ही निघायचो. वेग जास्तीत जास्त ताशी चार मैल, आणि बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहून हळू. काठावरून कुत्रं फिरवणारा माणूस आपल्याला मागे टाकतो. लॉक आलं की भाची लोखंडी हातोडी-किल्ली घेऊन उतरायची, दारातल्या झडपा उघडायची, पाणी सारखं झालं की दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलायची. मीही एकदा लावली. दार हललं! शाळेच्या झेंडावंदनाला दोरीची गाठ सुटली की जसं वाटतं तसं वाटलं. नात मात्र तेव्हा जीवरक्षक जाकीट घालून आत बसलेली असायची, तिला बाहेर यायला सक्त मनाई. पाणी मध्यावर तीन-चार फूटच असतं बहुतेक ठिकाणी, पण लॉकमध्ये खोल असतं, आणि त्याच्या भिंती निसरड्या.

असेच एका रविवारी आम्ही स्टोक ब्रुअर्नला पोचलो. तिथे सात लॉकं ओळीने आहेत आणि काठावर कालव्यांचं संग्रहालय आहे. जुन्या बोटवाल्यांचं घर तिथे कळतं. माल भरायला बोट मोकळी हवी म्हणून राहायला मागे एकच खोली, साधारण दहा फूट बाय सात फूट. त्यात नवरा, बायको आणि मुलं. पूर्वी बोटवाल्यांची घरं गावात असत. रेल्वे आली, भाव पडले, घरभाडं आणि मदतनिसाची मजुरी परवडेना, म्हणून त्यांनी बायकामुलंच बोटीवर आणली. हौस म्हणून नव्हे. लहान मुलं पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांना छपरावर दोरीने बांधून ठेवत.

मी ते वाचत उभी राहिले आणि मला पोहरादेवी आठवली. आमच्या मानोरा तालुक्यातलंच ते. बंजारा समाज तिथे देशभरातून येतो, आणि त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर वाहून नेत. तांडा हेच घर, लदेणी हाच धंदा. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, रस्ते झाले, आणि बैलावरच्या मालाला कोण विचारतो? तिकडे घोड्याने ओढलेली बोट, इकडे बैल. दोघांचंही पोट आगगाडीने मारलं, आणि वर दोघांनाही गावातले लोक 'भटके' म्हणून दुरून बघू लागले.

त्या मुलांच्या शाळेचं काय व्हायचं? नव्हतीच. आज इथे बोट बांधली, उद्या पुढच्या गावी. मास्तर दोन दिवसांसाठी कुठल्या बाकावर बसवणार? जॉर्ज स्मिथ नावाच्या एका माणसाने १८७५ मध्ये या लोकांच्या हलाखीवर पुस्तक लिहिलं, आरडाओरडा केला, आणि १८७७ मध्ये कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटली. प्रत्येक राहत्या बोटीची एका गावी नोंद करायची, आणि शाळेपुरतं तिच्यातलं मूल त्या गावचं रहिवासी समजायचं. म्हणजे बोट कुठेही असो, कागदावर मुलाला गाव आहे. अंमलबजावणी यथातथाच झाली, पुष्कळ मुलं निरक्षरच राहिली, हेही खरं. पुढे कुठे जुन्या बोटीतच शाळा भरवली, १९५० च्या दशकात बर्मिंगहॅमला बोटवाल्यांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले, त्यानंतर मालवाहतूकच संपत आली. त्याच स्टोक ब्रुअर्नला मेरी वॉर्ड नावाची परिचारिका होती, ती बोटवाल्यांची दुखणीखुपणी काढायची. तिच्या दाराशी येणाऱ्याला आधी पत्ता सांगावा लागत नसे.

आणि आता माझ्या नातीचा अर्ज. तिकडे मूल चार वर्षांचं झालं की सप्टेंबरात शाळेत जातं, अर्ज आधीच्या १५ जानेवारीपर्यंत भरायचा. नोव्हेंबरात भाची संगणक घेऊन बसली. पहिलाच रकाना, घराचा पत्ता. शाळेत जागा कमी आणि अर्ज जास्त असले तर पुष्कळदा घर ते शाळा अंतर मोजून नंबर लावतात. ज्या घराचं अंतर दर चौदा दिवसांनी बदलतं, त्याचं काय मोजणार? तिने एका कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, नातेवाइकाचा पत्ता घाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने सांगितलं, तसं केलंत तर ती फसवणूक होईल. एका मित्राने आपला पत्ता आनंदाने देऊ केला. भाची नको म्हणाली. "शाळेच्या पहिल्याच कागदावर खोटं लिहू, मावशी?"

खरं सांगते, त्या संध्याकाळी मी तिला बोलले. म्हटलं, "तुमचे छंद तुमच्यापाशी. लेकराच्या दाराला नंबर तरी द्या." बहिणीने फोनवरून साथ दिली, बोट विका, घर घ्या. भाची काही बोलली नाही. उठून शेगडीत कोळसा घातला. जावईबापूही गप्प. सहा फुटांच्या घरात रुसून जायला दुसरी खोली नसते, हे मला तेव्हा कळलं. सगळे तिथेच बसून राहिलो.

मी बोलले ते कुठून आलं होतं हे मला रात्री आठवलं. पन्नास वर्षांमागे नागपूर विद्यापीठाची मराठी घेऊन बी.ए. झालेली मी, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात मास्तरीण. १९८६ च्या सुमाराला माझ्या चौथीच्या वर्गात तांड्यावरचा एक मुलगा होता. हिशेबात वर्गात पहिला. दिवाळीनंतर आई-बाप कामाला बाहेर पडत, कधी ऊसतोडीला, कधी रस्त्याच्या कामावर, आणि तोही जायचा. तपासणी जवळ आली होती, वर्गाची हजेरी कमी दिसत होती. मी लाल शाईने त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर, नाव कमी केले' असं लिहिलं. नियम होता. माझं अक्षर तेव्हा फार छान होतं. होळीनंतर तो परत आला आणि दाराशी उभा राहिला. मी म्हटलं, "आता जूनमध्ये ये." जूनमध्ये तो आला नाही. मी तांड्यावर जाऊन बघायला हवं होतं, अंतर दीड मैल. गेले नाही.

त्या मुलाचं घर हलत होतं हा त्याचा दोष नव्हता, आणि हलणाऱ्या घरामुळे तो हिशेबात कच्चाही झालेला नव्हता. त्याला बाहेर काढलं ते माझ्या हजेरीपुस्तकाने. आणि तेच हजेरीपुस्तक घेऊन मी भाचीच्या बोटीत शिरले होते. दोघांची तुलना होत नाही हे मला कळतं. भाचीकडे इंग्रजी आहे, नवऱ्याचा पगार आहे, उद्या कंटाळा आला तर बोट विकून ती घर घेईल. तांड्याकडे यातलं काहीच नव्हतं. पण रकाना तोच आहे. आता आपल्याकडे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे, दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश अडवता येत नाही, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहंही निघाली. इंग्लंडात तर फिरस्ता धंदा करणाऱ्यांच्या मुलांसाठी हजेरीत एक स्वतंत्र अक्षर आहे, 'टी'. मूल गैरहजर दिसतं, पण त्याचं नाव शाळेत शाबूत राहतं. (भाचीला ते लागू नाही, कारण तिचा धंदा फिरता नाही, घर फिरतं आहे.) माझ्या हजेरीत असं एखादं अक्षर असतं तर मी ते नक्की लिहिलं असतं, असं मनाशी म्हणते. पण मला कुणी सक्ती केली नव्हती दीड मैल न चालण्याची.

म्हणून नातेवाइकांना माझं सांगणं, स्पष्टच. 'लेकरासाठी तरी बोट सोडा' हे आता बंद करा. लेकराचं तिथे काही अडलेलं नाही. तिला पोहणं शिकवताहेत, बदकांच्या जाती माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, मराठी बोलते, आणि पाण्याचा नळ बंद करते. अडलंय ते कागदाचं, आणि कागद माणसांनी केलेला असतो, तो बदलता येतो. आणि 'रोजची पिकनिक' म्हणणाऱ्यांनी एकदा नोव्हेंबरात खिडक्या पुसायला जावं. मी स्वतः तिथे कायमची राहीन का? नाही. माझे गुडघे आणि तो दोन फुटांचा संडास यांचं जमणार नाही. साठीच्या पुढे त्या दोघांचंही जमेल असं मला वाटत नाही, आणि हे मी त्यांना सांगून आले.

अर्ज त्यांनी खराच भरला. बोटीचा परवाना, वर्षभरात कुठे कुठे बोट बांधली त्याची तारीखवार यादी, आणि एक पत्र. ते पत्र इंग्रजीत भाचीने लिहिलं, पण यादी तक्त्यात आखून देण्याचं काम माझं होतं, रकाने मीच पाडले. १६ एप्रिल २०२५ ला निकाल आला. शाळा मिळाली, दुसऱ्या पसंतीची. हिवाळ्यात चार महिने एका जागी राहायचा परवाना पैसे भरून घेतात, बाकी दिवस त्याच पट्ट्यात पुढेमागे सरकतात. जवळ असले तर कालव्याकाठच्या घोडवाटेने सायकलवर शाळा, लांब असले तर गाडी. २०२५ च्या उन्हाळ्यात तिकडे पाऊस इतका कमी झाला की कितीतरी ठिकाणी लॉकं बंद ठेवावी लागली. हे ऐकून बहीण म्हणाली, "तिथंही पान्याची बोंब?" आणि पहिल्यांदा मनापासून हसली. आता ती स्वतःच शेजारणींना फोटो दाखवते. कुंड्यांचे.

मागच्या आठवड्यात शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्याचा निरोप आला, चकल्या पाठवा. भाजणी तीन किलो झाली आहे, दोन डब्यांत भरून ठेवली. पार्सलवर पत्ता जावयांच्या ऑफिसचाच लिहिलाय.